घरचा हात

सगुणा एकटीच चिखल टाकत होती, आणि एकटीनं चिखल टाकून खांड बुजत नसते हे तिला कळत नव्हतं असं नाही. खाडीकाठचं शेंबडं पोरही ते सांगेल. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी भातात शिरायला लागलं, की ती बुजवायला गाव लागतं. एकानं खाली चिखल कापायचा, दुसऱ्यानं गोळा उचलायचा, तिसऱ्याच्या हातात द्यायचा, अशी बांधाच्या तोंडापर्यंत ओळ लागते नि गोळे या हातातून त्या हातात पळत जातात. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते अशाच कामाला. सगुणा तर राव पण नव्हती. ती खाली उतरून गोळा कापायची, छातीशी धरून वर चढायची, खांडीत टाकायची नि परत उतरायची. तोवर आधीचा गोळा विरघळून गेलेला असायचा.

लुगड्याचा काष्टा चिखलानं कडक झाला होता. खारं पाणी लागून मांड्यांना चिरा पडल्या होत्या आणि तळव्यात कालवांच्या कपच्या शिरल्या होत्या, त्या काढायचंही तिनं सोडून दिलं होतं. काढल्या तरी उद्या दुसऱ्या शिरणारच.

वर बांधावर शेवंती येऊन उभी राहिली. शेवंती म्हणजे सगुणाचा नवरा नाथा, त्याच्या चुलतभावाची, धाकूची बायको. दोन्ही घरांत एक कुडाची भिंत, इकडं खोकललं तर तिकडं ऐकू जायचं.

"सगुने, कशाला मरतंस? दोन हातांनी खाडी अडते काय?"

"मग तू ये. चार होतील."

शेवंतीनं मागं वळून गावाकडं पाहिलं. मग पदराखालून पानात गुंडाळलेली तांदळाची भाकर काढली, बांधावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरली. सगुणा नि नाथा किरिस्ताव झाल्यापासून शेवंती हातात काही देत नसे, खाली ठेवत असे. सगुणानं चिखलाच्या हातांनीच भाकर उचलली. पोटाला कुठं मान असतो.

"भांगाचे दिवस भांडणात गेले," शेवंती म्हणाली. "आता पिठोरीचं उधान येल. मग काय रायलं?"

तेच तर सगळ्यांना दिसत होतं. पुनवेनंतर भरतीचा जोर उतरतो, पाणी मऊ असतं, त्याला भांग म्हणतात. खांड बुजवायची ती भांगात. ते दिवस गेले होते आणि येत्या सोमवारी अमावास्या होती. त्या उधाणाला पाणी या खांडीतून आत घुसलं तर गावच्या आंब्यापर्यंत जाणार होतं. मग या सालचं भात गेलंच, पुढची दोन-तीन सालंही त्या जमिनीत गवत उगवणार नव्हतं.

मानपाड्याकडून खाडीच्या अंगानं उतरत गेलं की शेवटी खारवली लागते. पुढं तिवरांची झाडी नि पाणी. आगऱ्यांची थोडी घरं, एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला मिठागर, नि सगळ्याला धरून तो बांध. बांध घरटी वाटून दिलेला होता, ज्याचा वाटा त्यानं राखायचा. राखायचा तो मुख्यतः खेकड्यांपासून. खेकडा बांधात भोक पाडतो, ते बोटाएवढं असतं तोवर टाचेनं बुजतं. राहू दिलं तर उधाणाला त्याचंच गोठ्याचं दार होतं.

नाथाच्या घरचा वाटा त्याचा बाप गुणाजी राखायचा. म्हातारा बांधावर कुणाशी बोलत उभा राहिला तरी त्याची टाच चाललेली असायची. बोलता बोलता भोक दिसलं की टाच घातली, परत बोलणं पुढं सुरू. आणि कुठल्याही खांडीत शेवटाला उभा राहायचा तोही गुणाजीच. खांड दोन्ही बाजूंनी बुजवत आणली की मधे माणूस मावेल एवढं तोंड उरतं. तिथं पाणी असं धावतं की चिखल टिकत नाही. मग तिवराच्या फांद्यांची विणलेली ताटी लावून एक माणूस तिला पाठ देऊन उभा राहतो, पाठ खाडीकडं, तोंड गावाकडं, आणि ओळीतले लोक त्याच्या पुढ्यात चिखल दाबत जातात. गावचे नियम दोनच. खांडीत माणूस उभा आहे तोवर गोळा थांबवायचा नाही, मग घरात वैर असो की मयत. आणि शेवटी रुतलेल्या माणसाला वर काढायचं ते त्याच्याच घरच्या हातानं. परक्यानं काढलं तर बांधाला लागतं, अशी समजूत होती.

नाथाला दोन सालांमागं जरीमरी, म्हणजे पटकी, झाली तेव्हा सगळा गाव रानात पळाला. म्हातारा नि सगुणा तेवढी राहिली. कल्याणच्या मिशनाचा उपदेशक दौलत मास्तर औषधाची बाटली घेऊन आला आणि नाथा उठून बसेपर्यंत त्याची सगळी घाण स्वतःच्या हातांनी काढत राहिला. नाथा बरा झाला तो त्या हातांचा होऊनच. पुढं त्यानं बाप्तिस्मा घेतला, सगुणानंही घेतला. गुणाजीनं नाही घेतला. "मी म्हातारा, आता देव बदलून कुठं जाऊ," म्हणाला, आणि कुणाला अडवलंही नाही. मास्तरनं सांगितलं, रविवार देवाचा, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. नाथा बोलल्या शब्दाचा पक्का. त्यानं रविवारी फावडा कधी हातात धरला नाही.

ज्या साली पुढं मुंबईत गाठीचा ताप पसरला, त्याच सालची ही गोष्ट. त्या साली नारळीपौर्णिमा नेमकी रविवारी आली. सकाळी गाव नारळ घेऊन खाडीवर निघालं. गुणाजी दारात येऊन म्हणाला, "बांध पाझरतंय. दुपारी उधान हाय. कोन येतंय माज्यासंगं?"

नाथा पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. "उद्या सकालीच येतो, बाबा," म्हणाला. सगुणा अर्धी उठली होती. हात जमिनीला टेकवून, एक गुडघा उचलून. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं नि परत खाली बसली. म्हातारा थोडा थांबला, नारळ काखेत मारला आणि गेला.

दुपारच्या भरतीला बांध फुटला. म्हातारा त्याच जागी होता. दुसऱ्या दिवशी तिवरांत सापडला.

पुढं मसणात जे झालं ते सगुणा विसरायची म्हटली तरी विसरू शकत नव्हती. किरिस्तावाचा हात लागला तर म्हाताऱ्याला गती नाही म्हणाले. मडकं धाकूनं धरलं, आग धाकूनं दिली. पोटचा मुलगा कुंपणाबाहेर उभा राहिला, आणि कुणीतरी त्याला म्हणालं, जरा आणखी मागं हो. तो मागं झाला.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात. गावकी बसली ती देवीच्या पाराशी. परशुराम पाटील वाईट माणूस नव्हता, त्याचं स्वतःचं शेत त्याच बांधाच्या आत होतं, तोही रात्रीचा झोपत नव्हता. पण वाडवडलांपासून चालत आलं होतं की बांध फुकट फुटत नाही, ज्याच्या वाट्यात फुटला त्याच्या घरात पाप असतं. ते बोलून टाकल्याशिवाय चिखल धरत नाही.

"नाथानं खांडीवर येवाचं," पाटील म्हणाला. "कोंबडा कापाचा नि चारचौघांत बोलाचं, माज्या पापानं बांध फुटला, माज्या पापानं बापूस गेला. मग सगला गाव चिखलात उतरतो. नायतर कोन उतरनार नाय. फुकट घाम कोन गालंल?"

सगुणाला वाटलं, नाथा चवताळून उठेल. तो नुसता मान खाली घालून म्हणाला, "बोलीन मी. खरंच हाय ते."

तेव्हापासून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कोंबडा कापणं हे मास्तरच्या धर्मात बसतं की नाही, ते मास्तर नि देव बघून घेतील. तिला भीती वेगळीच होती. हा माणूस बापाच्या मरणाचं पाप सगळ्या गावापुढं आपल्या तोंडानं आपल्या डोक्यावर घेणार, आणि मग घरी येऊन काय करणार, हे तिला दिसत होतं. गावकीपासून तो ओटीवर बसून होता. जेवत नव्हता, बोलत नव्हता. एकदाच बोलला, दाव्याची दोरी कुठंय म्हणून. बैल तर दोन्ही दाव्याला बांधलेलेच होते. तिनं खुंटीवरची जादा दोरी उतरवली आणि कणगीत, भाताच्या तळाशी खुपसून ठेवली. पाटलाला निरोप धाडला, त्यांना ताप आहे, जरा थांबा. आणि स्वतः एकटी जाऊन चिखल टाकायला लागली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

शनिवारी उन्हं कलताना दौलत मास्तर आला. कल्याणहून चालत. छत्रीची एक काडी मोडलेली, कोटाला घामाचे मिठासारखे पांढरे पट्टे. तो मूळचा नगरकडचा, देशावरचा, खाडीच्या पाण्याला भ्यायचा, बांधावरून चालायचा तेही आतल्या कडेनं. त्यानं नाथाजवळ बसून प्रार्थना म्हटली. नाथानं 'आमेन' म्हटलं नाही.

सगुणानं त्याच्यापुढं पेज ठेवली आणि चुलीशी बसली. ओटीवर ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मास्तर, एक इचारू?"

"विचार, बाई."

"पाटील बोलतान, आमच्या पापानं फुटला. हे पन तेच बोलतान. तुमचं पुस्तक काय बोलतं?"

मास्तरनं पेजेचा घोट घेतला. त्याला ह्या प्रश्नाची उत्तरं पाठ होती, खेडोपाडी तीच सांगत तो फिरला होता. "देवानं जग चांगलं केलं होतं, बाई. पहिल्या माणसानं त्याची आज्ञा मोडली. तिथून दुःख नि मरण आत शिरलं."

"तो कोन कुठला. त्यानं त्याचा वाटा राखला नाय, तर खांड आमच्यात का?"

"कधी कधी देव आपल्या माणसांची परीक्षा पाहतो."

"परीक्षा आमची, नि मेला म्हातारा. तो तर तुमच्या शालेत पन नव्हता."

ती चिडून बोलत नव्हती. चिडायला अंगात बळ लागतं. मास्तरनं वाटी खाली ठेवली.

"आमच्याकडं मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी जाणता होतो," तो म्हणाला. "आई रोज म्हणायची, माझं झालंय, तू खा. मी खायचो. तिचं कधीच झालेलं नसायचं, ते मला ती गेल्यावर कळलं. मिशनात आलो, शिकलो, आता दुसऱ्यांना शिकवतो. पण आई का गेली नि मी का राहिलो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पुस्तकातही सापडलं नाही. मी तुला जे सांगितलं ते खोटं नाही, बाई. पण त्यानं पोट भरत नाही, हे मला माहीत आहे."

"म्हंजे तुमाला पन म्हाईत नाय."

"नाही." मग त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. "एवढं मात्र त्यात आहे. यरुशलेमेत एक बुरूज पडला नि खाली अठरा माणसं मेली. लोक म्हणायला लागले, ती पापी असतील. प्रभू म्हणाला, नाही. ती काही बाकीच्यांपेक्षा जास्त पापी नव्हती. तुम्ही मात्र आपापलं बघा नि मागं फिरा."

"मग बुरूज पडला का?"

"ते त्यानं सांगितलं नाही."

"नुसतं नाय बोल्ला?"

"नुसतं नाही म्हणाला."

ओटीवर नाथा हलला. लाकडी खांबाला पाठ घासल्याचा आवाज आला.

सगुणानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "सांगत नाय, तर करतो तरी काय तुमचा देव? वरून बघतो?"

"बघत बसला असता तर मीही त्याला सोडलं असतं," मास्तर म्हणाला. "तो खाली आला. जे आपल्यावर येतं ते त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. क्रुसावर त्यानंही विचारलं, देवा, तू मला का सोडलंस. त्यालाही उत्तर मिळालं नाही, बाई. तरी तो तिथून हलला नाही."

सगुणाला गुणाजी दिसत होता, ताटीला पाठ लावून, दाढीपर्यंत चिखलात, गावाकडं तोंड करून शिव्या घालणारा, हात चालवा रे म्हणून.

"म्हंजे खांडीतला मानूस," ती म्हणाली.

खांडीतला माणूस म्हणजे काय, ते तिला मास्तरला समजावून सांगावं लागलं. ऐकून तो म्हणाला, "होय. तसंच."

"पन त्याला काडला नाय कोनी."

"काढला. तिसऱ्या दिवशी, त्याच्या बापानं, देवानंच."

"लई उशीर केला बापानं," सगुणा म्हणाली, आणि दोघंही थोडं हसली. बऱ्याच दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं, ते हसणं जागच्या जागी सुकून गेलं.

मग मास्तरनं जे सांगितलं ते त्याला सांगायचंच होतं, त्यासाठीच तो एवढा चालत आला होता. "रविवारचं मी शिकवलं तुम्हाला. बैल विहिरीत पडला तर त्याच दिवशी काढावा, असंही प्रभूनंच म्हटलंय. ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. इथं पाणी दिवस बघत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडं पाणीच नसतं."

सगुणाला त्याचा असा राग आला की हातातली पळी त्याच्या अंगावर फेकावी. राहून गेलं म्हणे. म्हातारा गेला, नि ह्याचं राहून गेलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. पेज अर्धीच प्यायलेली, डोळे खोल गेलेले, नाथाची घाण काढली ते हात मांडीवर उताणे पडलेले. पळी तिनं मडक्यात ठेवली.

"पेज संपवा," ती म्हणाली. "आनी ते वटीवर जाऊन त्यांना पन सांगा, तुमच्या तोंडानं."

मास्तरनं ओटीवर जाऊन सांगितलं. नाथानं ऐकलं, आणि कूस वळवून भिंतीकडं तोंड केलं.

रविवारी उजाडलं तेव्हा खाडी ओसरून तळाशी गेली होती. आभाळ भरलेलं पण पाऊस नव्हता. सगुणानं आदल्या दिवशी विणून ठेवलेली तिवराची ताटी अंगणातून ओढायला घेतली. मास्तर आंघोळ करून, पुस्तक घेऊन दारात उभा होता. त्याच्या तोंडून 'आज' एवढा शब्द निघाला. मग त्यानं पुस्तक कोनाड्यात ठेवलं आणि ताटीचं दुसरं टोक उचललं.

नाथा ओटीवर होता. त्याच्यापुढून जाताना ती थांबली.

"मी खांडीत उभी राहते," ती म्हणाली. "तुमी बोलू नका, कोंबडा कापू नका, काय करू नका. फक्त मना काडाला या. घरचा हात लागतो."

ती ताटी ओढत पुढं निघाली.

तिनं नि मास्तरनं खुंट ठोकले, ताटी लावली, दोरखंडानं आवळली. मास्तरला खुंट धरता येत नव्हता. मधल्या तोंडाशी ताटीला आतून टेका नव्हता, नि भरतीचं पहिलं पाणी तिथून आत यायला लागलं होतं. सगुणा खाली उतरली. कंबरेएवढ्या पाण्यात तिनं ताटीला पाठ लावली, टाचा चिखलात रोवल्या नि गावाकडं तोंड करून उभी राहिली.

बातमी जायला वेळ लागला नाही. लोक बांधावर जमले. पाटील धापा टाकत आला.

"सगुने, वर ये. बाईमानूस खांडीत उभं रात नाय."

"मग कोना पुरुषाला पाठवा."

"तुना बोल्लो ना, पयले कोंबडा नि बोलनं. मगच."

"पाटीलदादा, मी उभी हाय," सगुणा म्हणाली. "खांडीत मानूस उभा हाय. नियम तुमचाच हाय."

खाली मास्तर एकटाच चिखल कापत होता, फावडा उलटा धरून. त्याचा पहिला गोळा हातातच फुटला. दुसरा त्यानं पोटाशी धरून आणला आणि सगुणाच्या पुढ्यात ठेवला तेव्हा तो तोंडावर पडता पडता राहिला. कुणी हसलं नाही. पाणी सगुणाच्या बेंबीच्या वर आलं होतं.

शेवंतीनं पदर खोचला. "बगत काय रायलेव?" ती धाकूला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. ती उतरली, मास्तरच्या हातातला गोळा तिनं ओढून घेतला, हाताला हात लागून, आणि पुढं नेला. तिच्या मागं धाकू. मग एक एक करत सगळे. कुणी कुणाला बोललं नाही, ओळ आपोआप लागली. शेवटी पाटलानं पागोटं सोडून बांधावर ठेवलं आणि खाली उतरला. चिखल कापण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

गोळे यायला लागले. दोघं जण सगुणाच्या पुढ्यात चिखल पायांनी दाबत होते. आधी पाय बधिर झाले, मग मांड्या. पाठीमागं ताटीवर पाणी ढुसण्या देत होतं. फांद्यांच्या फटींतून गार धारा मानेवर येत होत्या, आणि कमरेशी काहीतरी वळवळत होतं, खेकडा असेल. तिला वाटलं होतं इथं उभं राहिल्यावर देवाचं काहीतरी आठवेल, म्हाताऱ्याचं आठवेल. काही आठवलं नाही. पाठ मोडते आहे एवढंच कळत होतं. आणि समोर सगळा गाव दिसत होता, चिखलानं काळा झालेला, कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. गुणाजी सगळ्यांना शिव्या का घालायचा ते तिला आता कळलं. शिव्या घातल्या नाहीत तर रडू येतं.

चिखल छातीपर्यंत आला. पाणी बाहेरून खांद्याला लागलं. शेवटचे गोळे तिच्या दोन्ही बगलांशी दाबले गेले, आणि पाटील म्हणाला, "आता काडा तिला."

धाकू वाकला. "मी चुलतदीर. घरचाच ना."

"ज्या घरचा वाटा त्या घरचा हात," पाटील म्हणाला. "नाथा कुठं हाय?"

सगळ्यांनी गावाकडं पाहिलं. सगुणाला मान वळवायची गरज नव्हती, तिचं तोंड तिकडंच होतं. बांधावरून तो येत होता. सावकाश, भिंत धरून चालावं तसा, उपाशी माणूस. ती मनात म्हणाली, या लवकर. आणि निम्म्या वाटेवर तो थांबला.

खाली वाकून त्यानं बांधाकडं पाहिलं. मग उजवी टाच उचलली नि एका जागी घातली. दाबली. परत दाबली. ती बगलांपर्यंत रुतलेली, ताटीवरून पाणी तिच्या केसांत यायला लागलेलं, आणि हा माणूस भोक बुजवत होता.

"अवो," सगुणा ओरडली, "ते मागाहून. मी मरतंय हितं."

तो पळत आला. बांधावर पालथा पडला, दोन्ही हात तिच्या बगलेत घातले नि ओढलं. ती हलली नाही.

"पाय सैल सोड," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज ऐकला तिनं, घोगरा झालेला. "ताठ नको धरूस. बापूस बोलायचा, पायानं चिखल सोडला तर चिखल पायाला सोडतो."

तिनं पाय सैल सोडले. चिखलानं मोठा आवाज करून तिला सोडलं, आणि ती त्याच्या अंगावर येऊन पडली. तिच्या जागी धाकूनं नि शेवंतीनं गोळे कोंबले.

दुपारी भरती पुरी झाली. सगळे बांधावर बसून होते, कुणाला उठायचं बळ नव्हतं. नवा चिखल जागोजाग पाझरला, पण धरला. उद्या याहून मोठं पाणी येणार होतं, पण आता खांड नव्हती, नुसता ओला बांध होता, आणि ओल्या बांधाला राखता येतं.

पाटील उठून नाथापुढं आला. त्याचा आवाज चढा नव्हता. "नाथा, तुजं बोलाचं रायलंय."

सगुणानं नवऱ्याचा दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि उभा राहिला.

"बोलतो," नाथा म्हणाला. "बापूस बोलवत होता. मी उठलो नाय. तेवढा वाटा माजा, तो मी मरंपर्यंत वागवीन." खाडीकडं बघून तो पुढं म्हणाला, "पन भरती माजी नाय, परशुरामदादा. भरती मी आनली नाय."

पाटलाला जे हवं होतं ते हे नव्हतं, नि नाही म्हणावं असंही नव्हतं. त्यानं पागोटं उचललं, त्याचा चिखल झटकला. "कोंबडा उद्या मी कापीन, माज्या घरचा," तो म्हणाला. "तू खेकड्यांकडं बघ." आणि गेला. त्याच्यामागून एक एक करत गाव उठलं. मास्तर तिथंच चिखलात कलंडून झोपला होता, तोंड उघडं टाकून.

दोघंच राहिल्यावर सगुणा रडायला लागली. म्हातारा गेल्यापासून ती रडली नव्हती, वेळच मिळाला नव्हता. चिखलाच्या हातांनी डोळे पुसता येईनात.

"मी त्या दिशी अर्धी उठलेली," ती म्हणाली. "मग बसले."

"म्हाईत हाय," नाथा म्हणाला. "मी बगितलेलं."

तो तिच्याशेजारी खाली बसला. बऱ्याच वेळानं दोघं उठली, मास्तरला उठवलं आणि घरी आली. नाथा चुलीशी बसून शेवंतीनं दिलेली भाकर खात होता तेव्हा सगुणा आत गेली. कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं दोरी बाहेर काढली, तिला चिकटलेलं भात झटकलं, आणि ती परत खुंटीला टांगून ठेवली.